दिनविशेषाची तिसरी ओळ

“अकरा जुलै,” चौथीतली सुनंदा व्हरांड्यातला फळा वाचत होती. “आज जागतिक लोकसंख्या दिन. घटना. एकोणीसशे एकोणऐंशी, स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाश प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळली. जन्म. एकोणीसशे एकोणऐंशी, बिरू सोमा कोळेकर.”

शेवटच्या नावाला सगळी शाळा खिदळली. सगळी शाळा म्हणजे बावन्न पोरं, दोन खोल्या आणि आम्ही दोघं शिक्षक. मी पोरांवर डोळे वटारले आणि वीरकर गुरुजींकडे पाहिलं. ते मुख्याध्यापक. हात मागे बांधून शांत उभे होते. फळा त्यांनीच लिहिला होता.

परिपाठ संपल्यावर मी त्यांना गाठलं.

“गुरुजी, हा बिरू कोळेकर कोण?”

“आहे एक.”

“शास्त्रज्ञ आहे?”

“नाही हो. मेंढरं राखतो. सैन्यभरतीची तयारी करतोय.”

“मग दिनविशेषात कसा आला?”

“जन्मलाय ना, बाई,” ते म्हणाले आणि हजेरीपत्रक उघडून बसले.

मी मुळातच संशयी. आत्या म्हणायची, ही पोरगी देवाच्या प्रसादातसुद्धा खडा शोधील. तिच्याकडेच मी वाढले. आई मी दोन वर्षांची असताना गेली, वडील फौजेत होते ते पुढे दुसरं लग्न करून तिकडेच राहिले. अशा पोरीनं लोकांवर आपलं उगाच विश्वास टाकत बसायचं, हे मला कधी जमलंच नाही. बिरू कोळेकरचं नाव ऐकलं आणि मला वाटलं, इथं काहीतरी पाणी मुरतंय.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. माणदेशातल्या कुरणवाडीच्या शाळेत ती माझी पहिली नेमणूक. जूनमध्ये हजर झाले त्या दिवशी गुरुजींनी माझी माहिती लिहून घेतली.

“जन्मतारीख?”

“एक जून बहात्तर.”

“सरकारी का खरी?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे घरात कुणाला तारीख ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. अर्ध्या जिल्ह्याचा वाढदिवस एक जूनला. माझाही त्यातलाच होता आणि तो कुणी तोंडावर काढलेला मला खपायचा नाही.

“खरी नसायला काय झालं?” मी म्हटलं.

“रागावू नका. माझीही सरकारीच आहे. एक जून एक्केचाळीस. पुढच्या एकतीस मेला सुटलो.” मग त्यांनी चष्मा वर केला. “घरी कुणी सांगणारं आहे का, खरी तारीख?”

“आत्या आहे. विचारायची कधी गरज पडली नाही.”

“बरं,” ते म्हणाले. एवढंच.

त्या वर्षात त्यांची पेन्शनची कागदपत्रं तयार होत होती. मधल्या सुट्टीत ते मला एकेक कागद दाखवायचे, कारण इंग्रजी मजकुराचा त्यांना कंटाळा. त्यातला एक दाखला सगळ्यात महत्त्वाचा. या इसमावर कसलीही चौकशी चालू नाही, असं वरिष्ठांनी लिहून द्यायचं असतं. तो मिळाला नाही तर पेन्शन अडकली. “माझ्यावर कोण चौकशी लावतंय!” असं म्हणून ते हसायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको दम्यानं आजारी, शेती म्हणावी तर चार एकर खडक. पेन्शनवरच सगळं होतं, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. हे मुद्दाम सांगते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईला माहीत नव्हतं.

एकवीस जुलैच्या फळ्यावर होतं: घटना, १९६९, माणसानं चंद्रावर पाऊल ठेवलं. जन्म, १९६९, कमळ गणू तुपे. त्या नावाला मात्र पोरं हसली नाहीत. गुरुजींचं तोंडच तसं झालं होतं.

मग मी नावं टिपायला लागले. माझ्या टाचणवहीच्या मागच्या पानावर. आठवड्यातून दोन, कधी तीन. पहिल्या दोन ओळी पुस्तकातल्या, कुठला शोध, कुठली लढाई, कुठला थोर माणूस जन्मला. तिसऱ्या ओळीत गावचा कुणीतरी. गवंडी. पिठाच्या गिरणीवाला. मुंबईला माथाडीत गेलेला कुणी. ऑगस्टच्या शेवटी गुरुजी तालुक्याला बैठकीला गेले आणि मी कपाट उघडून जनरल रजिस्टर काढलं. गावातलं प्रत्येक मूल शाळेत घातल्या दिवसापासून त्यात असतं आणि त्यातली जन्मतारीख माणसाला मरेपर्यंत चिकटते. नोकरी, लग्न, भरती, सगळं तिच्यावर.

बिरू सोमा कोळेकर, एक जून एकोणऐंशी. कमळ गणू तुपे, एक जून सदुसष्ट. माझ्या यादीतले सगळेच्या सगळे एक जूनचे. फळ्यावर मात्र प्रत्येकाची तारीख वेगळी. आणि रजिस्टरात त्या त्या नावापुढे पेन्सिलीचा बारीक ठिपका. दिसेल न दिसेल असा.

त्याच महिन्यात पेपरात बातमी आली होती. कुठल्याशा जिल्ह्यात एका शाळेनं रजिस्टरात खाडाखोड करून जन्मतारखा बदलून दिल्या होत्या. कुणाला भरतीसाठी लहान करून, कुणाला लग्नासाठी मोठं करून. मास्तर निलंबित, सोबतची बाईही निलंबित. तिची सही होती म्हणून. आणि इथं गुरुजी गेल्यावर शाळेचा चार्ज माझ्याकडे येणार होता. रजिस्टर ताब्यात घेतल्याची सही माझी राहणार होती. माझी नोकरी अजून कच्ची. शोधाशोध करायची ती मी सप्टेंबरपासून मन लावून केली.

गुरुजींकडे एक वही होती. जाडजूड, लाल कापडी पुठ्ठ्याची. मी खोलीत शिरले की ते ती मिटायचे आणि पिशवीत टाकायचे. गावातल्या बायका त्यांच्याकडे यायच्या, बहुतेक म्हाताऱ्या. व्हरांड्याच्या कडेला बसून हळू आवाजात बोलायच्या. मी जवळ गेले की गप्प. एकदा बिरूची आईच आली. जाताना तिनं मटकीची पिशवी गुरुजींच्या सायकलला अडकवली.

“हे काय?” मी विचारलं.

“मटकी.”

“ते दिसतंय. कशाबद्दल?”

“तिला बरं वाटलं म्हणून,” गुरुजी म्हणाले. “तुम्हालाही देऊ थोडी?”

मी नको म्हटलं. वर मला वाटेकरी करून घेताय होय, असं मनात म्हटलं.

दिवाळीनंतर तो बिरूच शाळेत उगवला. उंच, काळासावळा, केस बारीक कापलेले. मी आतल्या खोलीत पाढे घेत होते. बाहेर तो मोठ्यानं हसत होता.

“चाळीस दिवसांनी ल्हान झालो की वो गुरुजी! भरतीला घावतील का हे चाळीस दिवस?”

“कागदावर नाही,” गुरुजी म्हणाले. “गप बस. बाई ऐकतील.”

बाई ऐकत होत्याच. बाईंनी तारीख घालून टिपूनही ठेवलं.

अकरा डिसेंबरला मी मुद्दाम सकाळच्या पहिल्या एसटीनं आले. गुरुजी त्याहून आधी येऊन फळा लिहून बसले होते. घटना, १९६७, कोयनेचा भूकंप. जन्म, १९६७, अंजना सखाराम माने. ही अंजना माहेरीच राहायची, तिची मुलगी तिसरीत होती. दुपारी ती स्वतःच आली. डोक्यावरचा पदर दातात धरून फळ्यासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, दुसरीतच शाळा सुटलेली. लेकीला म्हणाली, “वाच.” लेकीनं वाचलं. “आता पुन्यांदा वाच.” तिनं पुन्हा वाचलं. मग कागदात गुंडाळलेलं काहीतरी तिनं गुरुजींच्या टेबलावर ठेवलं आणि भराभरा निघून गेली. डोळे पुसत गेली. मी काय विचार केला असेल? मी विचार केला, हिला एवढं रडू येण्यासारखं काय बदलून दिलंय यांनी?

तरीही मी गप्प राहिले असते. एखादेवेळेस. पण जानेवारीच्या शेवटी आत्याचं कार्ड आलं. आत्याला लिहिता येत नाही, शेजारचा पोस्टमन लिहून द्यायचा.

“तुझ्या शाळेतले वीरकर नावाचे मास्तर रविवारी येऊन गेले. दोन तास बसले. तुझ्या लहानपणाचं, तुझ्या आईचं सगळं विचारलं. वहीत उतरून घेतलं. तुला सांगू नका म्हणाले. बाळ, काही भानगड नाही ना?”

कऱ्हाडच्या बाजूला आमचं गाव, कुरणवाडीहून तीन गाड्या बदलून जावं लागतं. एवढा खटाटोप करून हा माणूस माझ्या घरी गेला, आणि वर सांगू नका म्हणतो! मी कपाट उघडल्याचं त्यांना कळलेलं असणार. आता माझंच काहीतरी शोधून माझं तोंड बंद करणार. माझ्या वडिलांनी मला टाकलं होतं, हे मी नोकरीत कुणाला सांगितलं नव्हतं. ते आता त्यांच्या लाल वहीत होतं. रागानं माझं डोकं फुटायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी विचारलं, “बरं नाही का बाई? चेहरा उतरलाय.”

“बरं आहे,” मी म्हटलं. “तुमचा रविवार कसा गेला?”

ते जरा दचकले. मग म्हणाले, “चांगला गेला.”

बस्स. त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं. विस्तार अधिकाऱ्यांच्या नावानं, दोन पानं. रजिस्टरातले ठिपके, फळ्यावरच्या तारखा, मटकी, चाळीस दिवस, अंजनाचं पुडकं. ‘सखोल चौकशी व्हावी’ असं खाली लिहिलं. सही केली नाही. टपालात टाकल्यावर बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

विस्तार अधिकारी निकम साहेब मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आले. पोरांना पटांगणात कवायतीला सोडलं आणि आम्ही तिघं ऑफिस म्हणून वापरायच्या खोलीत बसलो. साहेब फटकळ पण सरळ माणूस. त्यांनी खिशातून माझं पत्र काढलं, टेबलावर पालथं ठेवलं आणि म्हणाले, “गुरुजी, रजिस्टर काढा. आणि तुमची कुठली लाल वही आहे म्हणे, तीही.”

गुरुजींनी दोन्ही काढून ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

साहेबांनी रजिस्टर पाऊण तास तपासलं. भिंग आणलं होतं त्यांनी. उजेडात पानं धरून पाहिली. एकाही तारखेला खोडरबर लागलेलं नव्हतं. सगळ्या एक जूनच्या एक जून. शेजारी पेन्सिलीचे ठिपके, बाकी काही नाही.

“हे ठिपके?”

“ज्यांची खरी तारीख सापडली, त्यांना ठिपका.”

“म्हणजे?”

“वही बघा, साहेब.”

साहेबांनी वही उघडली. एका तारखेला एक पान, अशी सबंध वर्षाची पानं पाडलेली. ते मोठ्यानं वाचायला लागले. “अकरा जुलै. बिरू कोळेकर. आई ठकूबाई सांगते, अमेरिकेचं यान डोक्यावर पडणार म्हणून सगळ्या वस्तीनं कोंबड्या कापल्या, मरायचंच तर खाऊन मरू म्हणाले, आणि मला त्याच रात्री कळा. रस्सा तसाच राहिला.” साहेबांच्या ओठावर हसू आलं. पान उलटलं. “अकरा डिसेंबर. अंजना माने. पहाटे भांडी फडताळातून पडली, सुईण पळून बाहेर गेली, पोर एकटीच जन्मली.” अजून पान. “सोळा फेब्रुवारी ऐंशी. खग्रास ग्रहण. बाहेर पडू देईनात, सुईण आणायला कुणी जाईना.”

साहेबांनी वही खाली ठेवली. “हे काय आहे, गुरुजी?”

“या बायांना तारखा ठाऊक नाहीत, साहेब. पण दिवस ठाऊक आहेत. काय घडलं ते सांगतात. मी पुस्तकात तारीख शोधतो. सदतीस वर्षांत चारशे अकरा पोरांच्या नावापुढं मी एक जून लिहिला. एकाही आईला नीट विचारलं नाही. ती म्हणायची, घाला काहीतरी, आणि मी घालायचो.”

“सगळेच घालतात.”

“सगळे घालतात, हो.”

“मग आत्ताच काय झालं?”

बाहेर सुनंदा पोरांना ‘एक साथ नमस्ते’ घ्यायला लावत होती.

“कमळ तुपे म्हणून मुलगी होती,” ते म्हणाले. “त्र्याहत्तरचा दुष्काळ. पोरं सगळी आईबापांबरोबर खडी फोडायला गेलेली. पट कमी भरला तर शाळा बंद व्हायची. ही चार वर्षांची होती. मी दोन वर्षं चढवून सहाची केली आणि नाव घातलं. पंच्याऐंशीच्या जूनमध्ये बाप दाखला न्यायला आला. कागदावर अठरा पूर्ण. लग्न ठरलं होतं. मी दाखला दिला, साहेब. मीच लिहिलेली तारीख, मीच विसरलो. पोरगी सोळाचीपण नव्हती. पहिल्या बाळंतपणात गेली.”

निकम साहेबांनी चष्मा काढला.

“तिची आई मला काही बोलली नाही,” गुरुजी म्हणाले. “बारा वर्षांनी, सत्त्याण्णवला, बाजारात भेटली. म्हणाली, गुरुजी, माणूस चंद्रावर उतरला म्हणून सरपंचाचा रेडिओ वरडत हुता, तवा झाली माझी कमळ. मी घरी येऊन पुस्तकात साल बघितलं. तेव्हापासून ही वही.”

“पण फळ्यावर का लिहायचं?”

“रजिस्टर बदलता येत नाही. बदलणारही नाही, गुन्हा आहे तो. मग खरी तारीख लिहायची कुठं? फळा तेवढा माझ्या हातात होता. एक दिवस तरी ज्याची त्याला मिळावी.”

मी भिंतीकडे बघत होते. अंजनाच्या कागदातले शेंगदाण्याचे लाडू गुरुजींनी त्या दिवशी पोरांना वाटले होते. मलाही दिला होता एक. मी तो खाल्ला नव्हता, पिशवीतून नेऊन टाकून दिला होता.

साहेबांनी वही मिटून तिच्यावर हात ठेवला. “गुरुजी, खाडाखोड नाही. त्यातून तुम्ही सुटलात. पण आता तुम्ही माझ्यासमोर काय सांगितलंत? चारशे तारखा अंदाजे लिहिल्या, एक तर जाणूनबुजून चढवली. हे मी ऐकलंय. तक्रारीची नोंद आवक रजिस्टरला झालीय, मला ती गिळून टाकता येत नाही. अहवाल वर पाठवावा लागेल. वर किती दिवस पडून राहील, देव जाणे.”

“तोवर दाखला?”

“चौकशी चालू असताना ना चौकशी दाखला कसा देऊ?”

“बरोबर आहे,” गुरुजी म्हणाले.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. साहेब, ते पत्र माझं आहे, मी परत घेते, एवढं म्हणायला हवं होतं. मी पाण्याचा तांब्या आणायला म्हणून उठले आणि बाहेर जाऊन उभी राहिले. साहेबांची मोटारसायकल गेली तरी तिथंच उभी होते.

त्यानंतर दीड महिना गुरुजी रोज तसेच यायचे, फळा लिहायचे, पोरं खिदळायची. माझ्याशी वागण्यात तसूभर फरक नाही. त्यानं मी जास्तच घाबरले. यांना कळलंय का? कळलं नसेल तर मी सांगू का? आणि माझ्याबद्दल काय काय लिहिलंय त्या वहीत? एवढं होऊनही माझ्या डोक्यात तेच होतं. ते माझ्या घरी का गेले, याचा साधासरळ अर्थ मला तेव्हाही लागला नाही. संशय एकदा मुरला की माणूस बावळट होतं.

एक मेला झेंडावंदन झालं, निकाल वाटले. सुट्टी लागली. गुरुजींचा तो शाळेतला शेवटचा दिवस. पोरांनी झेंडूचा हार घातला, दोघीतिघी रडल्या. सगळे गेल्यावर त्यांनी माझ्यापुढे किल्ल्या ठेवल्या, चार्ज यादी ठेवली, जनरल रजिस्टर ठेवलं. मी सह्या केल्या. मग पिशवीतून लाल वही काढून वर ठेवली.

“ही यादीत नाही,” ते म्हणाले. “वाटलं तर ठेवा. दोनशे सत्तावीस झाले. बाकीच्यांच्या आया म्हाताऱ्या झाल्यात, जरा घाई करावी लागेल.”

“गुरुजी, मला तुम्हाला काही सांगायचंय,” मी म्हटलं.

त्यांनी हात वर केला. “साहेबांनी पत्र मला वाचायला दिलं होतं. नियमच आहे तसा. अक्षर फार सुंदर आहे तुमचं, बाई. वेलांट्या काय सुरेख! पोरांना तसंच वळण लावा.”

सायकल काढून ते निघून गेले. मी खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडले. शाळेत कुणी नव्हतं, म्हणून बरं.

मग वही उघडली. आधी एक जूनचं पान काढलं. त्या पानावर जागाच नव्हती. पेन्सिलीनं लिहिलेली चारशेवर नावं, बारीक अक्षरात, समासातसुद्धा. ज्याची तारीख सापडली त्याचं नाव एका रेघेनं खोडलेलं. सगळ्यात वरचं नाव त्यांचं स्वतःचं होतं, हणमंत बाबू वीरकर, १९४१. ते खोडलेलं नव्हतं. पुढे लिहिलं होतं, ‘सांगणारं कुणी उरलं नाही.’ आणि सगळ्यात खाली, शाईनं, माझं नाव, शैलजा कणसे, १९७२. हे मात्र खोडलेलं होतं.

मी एकेक पान उलटत गेले. डिसेंबरपर्यंत.

‘सोळा डिसेंबर १९७१. शैलजा कणसे. आत्या गजराबाई सांगतात, भाऊ लढाईवर होता. दिवेलागणीला पोर झाली आणि तेवढ्यात चावडीवर रेडिओत सांगितलं, ढाक्यात शत्रू शरण आला, लढाई संपली. गावानं पोत्यानं साखर वाटली. मला वाटलं, आमच्याच पोरीची वाटतायत. मी विचारलं, हे पोरीला कधी सांगितलं नाही? म्हणाल्या, तिनं कधी विचारलंच नाही.’

खाली एक ओळ होती. ‘बाईंना आधी सांगायचं नाही, फळ्यावरच वाचू देत. पण यंदाचा सोळा डिसेंबर गेला. पुढच्याला मी नसेन.’

त्या जूनपासून फळा मी लिहू लागले. तिसरी ओळही लिहायचे, वहीतून. सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन विचारायचे, मावशी, तुमचं पोर झालं तेव्हा काय घडलं होतं? निकम साहेबांकडे जाऊन मी सगळं कबूलही केलं. ते म्हणाले, बाई, आता तुमच्या कबुलीनं फाईल मागे येत नाही. गुरुजींच्या घरी जायला मात्र निघायचे आणि एसटी स्टँडवरून परत यायचे. कोणत्या तोंडानं जायचं?

डिसेंबर आला. पंधराला शाळा सुटताना मी फळा पुसला आणि ठरवलं, उद्या तिसरी ओळ नाही. स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहिणार नव्हते. तेवढी लाज होती मला.

सोळाला पहिल्या एसटीनं उतरले. थंडी मरणाची. शाळेपुढे पोरं आधीच जमली होती आणि सगळी माझ्याकडे बघून तोंडावर हात धरून हसत होती.

“काय झालं रे?”

“बाई, फळा!” सुनंदाचा धाकटा भाऊ ओरडला.

फळा लिहिलेला होता. ते अक्षर मी सदतीस पावलांवरून ओळखलं असतं. घटना, १९७१, भारत-पाक युद्ध संपले, ढाक्यात शत्रूची शरणागती. जन्म, १९७१, शैलजा कणसे, शिक्षिका, कुरणवाडी. खाली खडूच्या पेटीवर कागदाची पुडी होती. उघडली. साखर होती.

“गुरुजी सायकलवर आल्ते,” पोरगं म्हणालं. “आमाला म्हनले, सगळ्यांनी मिळून वाचा, मोठ्यानं. मग लगीच गेले.”

“कधी गेले?”

“आत्ताच. तुमची एसटी दिसली तवा.”

त्यांच्या गावाहून नऊ किलोमीटर चढाचा रस्ता, अठ्ठावन्न वय, त्या गारठ्यात. मी रस्त्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मागे बावन्न पोरं एका सुरात वाचत होती आणि माझ्या नावाला खिदळत होती. मी त्यांना साखर वाटली, चिमूट चिमूट, आणि पुडीत उरली ती मी तोंडात टाकली.

गुरुजींची पेन्शन अजून सुरू झाली नव्हती.